प्रोजेक्ट गाडीत बाजारातली एक्सिलेटर केबल बसवायची तं आधी हे समजून घ्या

आपल्याकडे जुन्या गाड्या उभ्या करणारे पोरं वाढून राहिले, मनापासून आनंद वाटते. वणीकडे जा, परतवाड्याकडे जा, दारव्ह्याकडे जा, कोणाच्या तरी शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये जिप्सी नाही तं मारुती ८०० उघडून ठेवलेली दिसतेच. इंजिनवर महिना जाते, वायरिंगवर महिना जाते, पेंटवर तं विचारूच नका, आणि शेवटी एक्सिलेटर केबल राहते ती संध्याकाळी अंधार पडता पडता अर्ध्या तासात कशीतरी ओवून मोकळे होतात, काहून की दिसायला ती एक साधी वायर. पण भाऊ, तुमचा पाय आणि इंजिन यांच्यात दुसरं काहीच नाही, ही एकच तार आहे. ती अडकली तर गाडी सुटते आणि तुटली तर गाडी मधातच उभी राहते. म्हणून ब्रेकच्या कामाला जेवढा जीव लावता तेवढाच इथंही लावा.

कंपनीची केबल मिळत असेल आणि गाडीत काही बदल केला नसेल तर तीच घ्या, हा लेख वाचायचीही गरज नाही. प्रश्न येतो तो इंजिन बदललं, कार्बोरेटर बदललं, नाही तं पेडल दुसऱ्या गाडीचं टाकलं तेव्हा. आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण म्हणजे जुनी कार्बोरेटरवाली जिप्सी. १९८५ मध्ये आली तेव्हा हिच्यात एक लिटरचं इंजिन होतं, आता त्यात लोकं मारुती एस्टीमचं १.३ लिटर एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल घेणारं) इंजिन बसवतात. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसते, जिप्सीत लांबीच्या दिशेने उभं, म्हणजे थ्रॉटल बॉडीचं (इंजिनात हवा सोडणारी चकती ज्यात असते तो भाग) तोंड फिरलं, ड्रमची (ती चकती फिरवणारी चाकी, तिच्यावरच तार गुंडाळते) बाजू बदलली, आणि जुनी केबल पोचत तरी नाही किंवा पोचली तर चुकीच्या दिशेने ओढते. मग युनिव्हर्सल केबल, म्हणजे पाहिजे तेवढी कापून बसवायची बाजारातली केबल, आणायची पाळी येते. (इंजिन बदलणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येते, आरटीओची परवानगी काढून आरसी बुकात नोंद करून घ्या, नाही तर अपघात झाला की विम्याच्या वेळी खूप जड जाते.)

आता केबल काम कशी करते ते नीट पाहू, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. केबलचे दोन भाग, इनर आणि आउटर. इनर म्हणजे बारीक बारीक तारा पिळून केलेली स्टीलची दोरी, कारच्या केबलमध्ये साधारण दीड मिलिमीटर जाड. आउटर म्हणजे तिच्यावरचं कव्हर, पण ते नुसतं प्लास्टिकचं नसते, आत नायलॉन किंवा टेफ्लॉनची नळी, तिच्यावर स्टीलची तार गोल गुंडाळलेली, आणि सगळ्यात वर काळं पीव्हीसी. ही पद्धत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, अर्नेस्ट बाउडनचं १८९६ चं ब्रिटिश पेटंट, म्हणून पुस्तकात हिला बाउडन केबल म्हणतात. लोकांना वाटते की इनर ओढली की थ्रॉटल उघडते. अर्धीच गोष्ट झाली ही. इनर जेव्हा ओढली जाते तेव्हा आउटर तेवढ्याच जोराने उलट दिशेला दाबला जाते. आउटरची दोन्ही टोकं पक्की धरलेली असतील तरच इनर आतून सरकते. एक टोक जरी लवलं, पत्रा वाकला, ब्रॅकेट हललं, तर तुमचा पाय आधी ते लवणं पूर्ण करते आणि उरलेलीच ओढ थ्रॉटलला मिळते. पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी पळत नाही अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांनी इंजिनकडे पाहायच्या आधी कोणाला तरी पेडल दाबायला लावून आउटरच्या दोन्ही टोकांकडे पाहावं, डोळ्यांनी दिसते हलताना.

म्हणून सगळ्यात आधी ब्रॅकेट. पेडलकडचं टोक फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधातल्या, पत्र्यात धरायचं, तिथं पत्रा पातळ असेल तर मागून एक जाड पट्टी लावून घ्या. आणि इंजिनकडचं टोक धरायचं ते इंजिनवरच. थ्रॉटल बॉडीच्या बोल्टवर किंवा इनटेक मॅनिफोल्डवर तीन मिलिमीटर जाड पट्टीचं ब्रॅकेट करून त्याच्यावर. बॉडीवर, बॅटरीच्या ट्रेवर, एअर फिल्टरच्या डब्यावर कधीच नाही. याचं कारण असं की इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असते, रेस दिली की ते एका बाजूला कलते, गिअर टाकताना हलते. ब्रॅकेट बॉडीवर आणि थ्रॉटल इंजिनवर असलं की इंजिनच्या प्रत्येक हलण्यासोबत तार ओढली जाते नाही तं ढिली पडते, म्हणजे तुमचा पाय स्थिर आहे आणि इंजिन स्वतःच रेस कमीजास्त करून राहिलं. पांदण रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये जे झटके झटके बसतात आणि लोकं क्लच प्लेट बदलून टाकतात, त्यातल्या काही गाड्यांचा दोष नुसता हा ब्रॅकेटचा असते. ब्रॅकेट इंजिनवर असलं की इनर-आउटर दोन्ही सोबत हलतात, मधात केबलला एक मोकळं वळण दिलं की हलणं ते वळण पिऊन घेते आणि थ्रॉटलला पत्ताही लागत नाही.

ब्रॅकेटचं भोक आणि ड्रमवरून तार जिथून सुटते ती जागा एका सरळ रेषेत आली पाहिजे. थोडं जरी तिरपं असलं तर इनर आउटरच्या तोंडावर घासते आणि तिथंच कापली जाते.

आता ओढ. इथं जरा हिशोब करावा लागते, पण पाचवीतल्या मुलाला जमेल असा आहे. थ्रॉटलची चकती बंदपासून पूर्ण उघडी व्हायला जवळपास पाव फेरा फिरते, म्हणजे ९० अंशाच्या आसपास. ज्या ड्रमवर तार गुंडाळते त्याची त्रिज्या मोजा. समजा २५ मिलिमीटर निघाली. पाव फेऱ्यासाठी तार किती ओढावी लागेल, तं २५ गुणिले १.५७, म्हणजे ३९ मिलिमीटर. आता पेडलकडे या. पेडलच्या खिळीपासून (जिच्यावर पेडल फिरते ती) जिथं पाय ठेवतो तिथपर्यंत २०० मिलिमीटर आहे, आणि खिळीपासून तार अडकवायच्या भोकापर्यंत ५० मिलिमीटर. पाय १०० मिलिमीटर खाली गेला तर तार किती ओढली गेली? १०० चा चौथा भाग, २५ मिलिमीटर. पाहिजे होते ३९, मिळाले २५. म्हणजे थ्रॉटल ५७ अंशच उघडलं, आणि तुम्ही नवीन इंजिनचा पैसा देऊन त्याचा पूर्ण श्वास कधी घेऊच दिला नाही. केबल कितीही महागाची आणा, हे बदलत नाही, कारण हे केबलमध्ये नाहीच, पेडलच्या दांड्यात आहे. भोक खिळीपासून ८० मिलिमीटरवर नेलं तर ओढ ४० मिलिमीटर होते, काम झालं. पण पेडल आता १.६ पट जड लागणार, कारण ओढ वाढली की जोरही तेवढाच वाढतो, फुकट काही मिळत नाही. दोन्हीच्या मधात बसेल असं भोक निवडा, आणि दांड्यात भोक पाडण्याआधी पट्टीने दोनदा मोजा.

ड्रमचा आकारही पाहा. काही ड्रम पूर्ण गोल असतात, काही लंबगोल किंवा मोगरीसारखे वाकडे. वाकड्या ड्रममध्ये सुरुवातीला तारेची ओढ जास्त जाते आणि चकती कमी उघडते, नंतर भराभर उघडते. थ्रॉटलचं असं आहे की पहिल्या थोड्याशा उघडण्यातच खूप हवा आत जाते, म्हणून गोल ड्रमवाली गाडी कमी स्पीडला उडी मारते. ज्याला काळ्या मातीच्या चाकोरीतून, बंधाऱ्यावरून गाडी हळूहळू काढायची आहे त्याने वाकड्या ड्रमचं थ्रॉटल मिळत असेल तर तेच घ्यावं. हायवेवरच चालवायची असेल तर फार फरक नाही.

हे दोन ठरलं की मग लांबी. जुनी केबल धरून दुकानात जाऊ नका, तिच्या लांबीचा तुमच्या नवीन इंजिनशी संबंध नाही. केबलइतक्याच जाडीची, केबलइतकीच कडक एखादी नळी घ्या, पाण्याची बारीक होज चालते, आणि फायरवॉलच्या भोकापासून ब्रॅकेटपर्यंत ज्या रस्त्याने केबल जाणार त्याच रस्त्याने ती ठेवून पाहा, बोनेट लावूनसुद्धा पाहा. ही झाली आउटरची लांबी. इनरची लांबी म्हणजे आउटर, अधिक पेडलकडे उघडी राहणारी तार, अधिक थ्रॉटल बंद असताना ब्रॅकेटपासून ड्रमच्या निपलपर्यंतची तार (निपल म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा गोळा, तो ड्रमच्या खाचेत अडकते). सुती दोरीने मोजू नका, दोरी कोपऱ्यात कशीही वळते, केबल तशी वळत नाही.

वळणांबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. तारेचं घर्षण हे एकूण किती अंश वळण आहे याच्यावर वाढते, आणि ते साधं बेरजेनं नाही तर गुणाकारानं वाढते. मारक्या बैलाचं दावं खुंट्याला दोन वेढे दिले की पोरगंही धरून ठेवते, तेच गणित इथं उलटं आपल्याविरुद्ध चालते. नायलॉनच्या नळीत घर्षणांक ०.१५ धरला तर एकूण १८० अंश वळणाला पायाचा जोर सुमारे १.६ पट लागते, आणि ३६० अंशाला जवळपास २.६ पट. लांब केबल घेऊन जास्तीची तार गोल वेटोळं करून बांधून टाकणारे लोकं हेच करतात, पूर्ण एक वेढा फुकट वाढवतात, मग पेडल जड झालं म्हणून वर ग्रीस भरतात. आणि जड होणं तर एक गोष्ट, परत येतानाही तेच घर्षण आडवं येते, स्प्रिंगला तार परत ओढता आली नाही की रेस अडकून राहते. म्हणून वळणं कमी ठेवा, आणि जी आहेत ती मोठी ठेवा, बंद मुठीपेक्षा लहान वळण दिलं तर आउटर चपटा होते आणि आतली नळी घासून फाटते.

रस्ता ठरवताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनातून गरम धूर बाहेर नेणारा पाईप) किमान वीतभर दूर. नायलॉन सव्वादोनशे अंशाच्या आसपास वितळते आणि पीव्हीसी त्याच्या खूप आधी मऊ पडते, मॅनिफोल्ड तर चढावावर त्याहून कितीतरी गरम होते. दूर नेता येत नसेल तर मधात पत्र्याचा आडोसा करा आणि केबलवर उष्णतारोधक कव्हर चढवा. स्टीअरिंगचा रॉड, वायपरची लिंक, क्लचचा दांडा, यांच्या हलण्याच्या वाटेत केबल येऊ देऊ नका. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी रिंग, पाहिजेच, कापलेल्या पत्र्याची धार एका पावसाळ्यात पीव्हीसी कापते.

उन्हाळ्याचंही सांगून टाकतो, कारण आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रम्हपुरीकडे पारा ४५ च्या वर जाते आणि मेकॅनिक सांगतात की उन्हानं वायर वाढली म्हणून ढिली झाली. स्टील तापल्यावर वाढते हे खरं, पण एक मीटर तार ४० अंशाने तापली तर वाढते जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि सोबत आउटरमधलं स्टीलही तेवढंच वाढते, म्हणजे फरक जवळपास उरतच नाही. उन्हाळ्यात ढिली झाली असेल तर लॉकनट सुटलं, ब्रॅकेट वाकलं किंवा आउटरचं प्लास्टिक टोक दबलं, ते शोधा.

अर्थिंगचा मुद्दा मी वेगळा काढतो, इंजिन बदललेल्या गाडीत तो हमखास राहून जाते. इंजिन आणि बॉडी यांच्यात एक जाड अर्थिंगची पट्टी असते. इंजिन काढताना ती सुटते आणि बसवताना विसरली जाते. मग सेल्फ मारला की स्टार्टरचा शंभराच्या वर अँपिअर करंट परत यायला रस्ता शोधतो, आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी धातूची वस्तू कोणती उरली, तं एक्सिलेटर केबल. दीड मिलिमीटरची तार तेवढा करंट घेऊन लाल होते, आतली नायलॉन नळी वितळून तारेला चिकटते, आणि दोन-चार दिवसांनी रेस अडकते. नवीन केबल टाकली की तीही जाते. ज्याची केबल वारंवार कडक होऊन राहिली, वास येऊन राहिला, त्याने केबलचा दुकानदार बदलायच्या आधी अर्थिंगची पट्टी पाहावी. इंजिन बसवताना पहिलं काम तेच करा, दोन्ही बाजूचा रंग खरवडून, बोल्ट घट्ट.

आता टोकं. युनिव्हर्सल केबलमध्ये एका बाजूचं निपल तयार येते, दुसरी बाजू तुम्ही कापून बसवायची. तार कापायच्या आधी कापायच्या जागी रांगा चढवून घ्या, म्हणजे सोल्डर, नाही तं घट्ट टेप गुंडाळा, आणि धारदार कटरने एका दमात कापा. पकडीने चावून चावून कापली की तारा फुलतात आणि आउटरमध्ये जातच नाहीत. निपल लावायचे दोन प्रकार. स्क्रूवालं निपल पाच मिनिटांत लागते, पण स्क्रू तारेला चिरडते, म्हणून ते मोजमाप आणि ट्रायलपुरतं चांगलं. कायमचं काम सोल्डरवालं. तार पितळी निपलातून काढायची, टोकाच्या तारा फुलासारख्या फाकवायच्या, निपलच्या खोलगट तोंडात मागे ओढून घ्यायच्या आणि मग सोल्डर भरायचं, म्हणजे ओढ नुसत्या सोल्डरवर न येता फाकलेल्या तारांवर येते. तार स्टेनलेसची असेल तर साध्या फ्लक्सने (सोल्डर धरावं म्हणून लावायचं रसायन) सोल्डर धरत नाही, ॲसिडवाला फ्लक्स लागते आणि काम झाल्यावर गरम पाण्याने धुवून वाळवावं लागते, नाही तं तोच फ्लक्स तार खाते.

आणि निपल आपल्या खाचेत मोकळं फिरलं पाहिजे. हे मी दहा वेळा सांगेन. ड्रम फिरते तसं निपलही फिरते, ते अडकलं तर तार निपलच्या तोंडाशी प्रत्येक वेळी वाकते, आणि एक-एक बारीक तार तुटत जाते. तुटलेल्या तारेचं टोक आउटरमध्ये शिरलं की रेस वरच अडकते. मोटरसायकलच्या क्लचची वायर कारला लावतात ना, ती इथंच मार खाते, तिचं निपल वेगळ्या मापाचं असते आणि कारच्या खाचेत फिरत नाही.

तेल लावायचं का? नायलॉन-टेफ्लॉनची नळी असलेली केबल कोरडीच चालवायची. ग्रीस भरलं की आपली काळी धूळ त्यात बसून लेप तयार होते. नळी नसलेल्या जुन्या केबलला पातळ तेलाचे दोन थेंब, बस. केबलचं वर तोंड असलेलं टोक रबरी टोपीने झाका, पावसाचं पाणी तिथूनच उतरते. गाडी कापसाच्या कोठ्याशेजारी उभी राहत असेल तर उंदीर पीव्हीसी कुरतडतात, महिन्यातून एकदा हात फिरवून पाहत जा.

अॅडजस्टमेंट करताना आधी थ्रॉटल पूर्ण बंद, स्टॉप स्क्रूला टेकलेलं. मग तारेला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवून लॉकनट घट्ट करा. आयडल (पाय काढल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहते तो) कमी वाटते म्हणून केबल ओढून वाढवू नका, त्याच्यासाठी वेगळा स्क्रू आहे. एमपीएफआय गाडीत थ्रॉटलच्या दांड्यावर एक सेन्सर असते, त्याचा व्होल्टेज बंदला साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघड्याला साडेचार व्होल्टच्या आसपास येते. केबल ताणलेली राहिली तर कॉम्प्युटरला थ्रॉटल बंद झाल्याचं कळतच नाही, आयडल वरखाली होत राहते, आणि लोकं आयडल व्हॉल्व्ह बदलत बसतात. दुसऱ्या टोकाला, थ्रॉटल पूर्ण उघडते त्याच क्षणी पेडल खाली एका बोल्टवर टेकलं पाहिजे. तो बोल्ट नसेल तर बसवा. नाही तं पायाचा सगळा जोर तारेवर आणि थ्रॉटलच्या दांड्यावर येते, निपल उपटते.

स्प्रिंग दोन पाहिजेत. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस १२४ नावाचा नियम आहे, त्यात थ्रॉटल परत बंद करायला किमान दोन स्वतंत्र स्प्रिंग लागतात आणि पाय काढल्यावर साध्या कारमध्ये एका सेकंदात थ्रॉटल आयडलला आलं पाहिजे असं लिहिलं आहे. आपणही तेच माप धरू. थ्रॉटल बॉडीत एक स्प्रिंग असते, दुसरी बाहेरून ड्रमच्या लिव्हरला लावा. पेडलची स्प्रिंग तिसरी, पण ती यात मोजू नका, कारण तार तुटली की ती थ्रॉटलपर्यंत पोचतच नाही.

चाचणी आधी इंजिन बंद ठेवून. कोणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा, एअर पाईप काढून टॉर्चने पाहा चकती पूर्ण उघडते का. मग एकदम सोडायला सांगा, आणि मग अगदी हळू सोडायला सांगा, कारण अडकणारी केबल हळू सोडतानाच अडकते. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मग इंजिन चालू करून, हँडब्रेक ओढून, रेस द्या आणि इंजिन कलते तेव्हा आयडल बदलते का ते ऐका. पहिली फेरी मोकळ्या जागी, कापणी झालेल्या सपाट वावरात, गावातल्या रस्त्यावर नाही.

आणि घरातल्या ज्याच्या-ज्याच्या हातात गाडी जाणार त्या सगळ्यांना हे शिकवून ठेवा: रेस अडकली तर क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा, ब्रेक एकदाच जोरात दाबून धरून ठेवा. पंप करू नका, उघड्या थ्रॉटलवर ब्रेकच्या बूस्टरला (इंजिनच्या व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम मिळत नाही, दोन-तीनदा पंप केलं की साठलेला संपते आणि ब्रेक लाकडासारखा कडक होते. चावी एक टप्पा मागे फिरवून इंजिन बंद करा, पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टीअरिंग लॉक होते. गाडी कडेला थांबल्यावरच बोनेट उघडा. डिकीत एक जास्तीची इनर, दोन स्क्रूवाले निपल आणि दहाचा पाना कायम ठेवा, पांढरकवड्याच्या पुढं रात्री दुकान उघडं सापडत नाही.